देव डाव्या हाताला

संत तुकाराम नगरातल्या दत्तमंदिराला एक प्रदक्षिणा घातली की बहात्तर मीटर चालणं होतं, ही गोष्ट सुमनताईंना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळली. ती कळायची काही गरज नव्हती. पण शेजारचे अर्जुनराव कंपनीच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त झाले होते आणि मोजायला काही मिळालं नाही की त्यांना दिवस खायला उठायचा. जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या, पाण्याची टाकी मोजून झाली, आणि एका सकाळी ते टेप घेऊन देवळात हजर झाले.

सुमनताईंच्या फेऱ्या तेव्हा चालू होत्या. फेऱ्या चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. हातातल्या वाटीत हरभऱ्याचे दाणे. एक फेरी झाली की एक दाणा पायरीवरच्या ताम्हनात. मध्येच तोंडातून एखादा शब्द निसटला तर ताम्हनातले सगळे दाणे पुन्हा वाटीत आणि मोजणी पहिल्यापासून. हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं, त्यामुळे अर्जुनराव टेप गुंडाळून कट्ट्यावर तासभर गप्प बसून राहिले. शेवटचा दाणा पडला, सुमनताईंनी तीर्थ घेतलं, तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

"वैनी, किती झाल्या?"

"एकशे एक्कावन्न."

अर्जुनरावांनी डोळे मिटले, ओठ हलवले, डोळे उघडले. "धा किलोमीटर आन् वर आठशे बहात्तर मीटर. रोजचं! तुमाला ठावं हाय का, लोक एवढं पळायला फारम भरत्यात. तुमचा निरंजन न्हाई का तिकडं नाशकात पळत? फोटो टाकतो की मोबाइलवर. आवो, तुमी त्याच्या वरताण हायसा!"

निरंजनचं नाव निघालं तशी सुमनताईंनी ताम्हनातला एक दाणा उगाच बोटानं फिरवला.

या एकशे एक्कावन्नात खरं तर निरंजनचाच हात होता. सुमनताईंचे यजमान रंगराव चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथं त्यांनी आपल्या शब्दावर मुलाला चिकटवलं. आठ महिन्यांत मुलानं राजीनामा दिला आणि नाशिकला दुसऱ्या कंपनीत गेला, तोही वडिलांना न विचारता. रंगराव भांडले नाहीत. "मी शब्द टाकला होता," एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलायचं त्यांनी बंद केलं. गेल्या दिवाळीला निरंजन दोन दिवस आला होता. बापलेकांनी समोरासमोर बसून चकल्या खाल्ल्या. घरात नुसता कुडुमकुडुम आवाज. त्यानंतर तो आला नाही. फोन यायचा. "आई, रविवारी लाँग रन असतो गं. सकाळी वीस-वीस किलोमीटर. मग दिवसभर पाय उचलत नाहीत." या दिवाळीला म्हणाला, कंपनीत शटडाऊन आहे, मशिनी उघडून ठेवल्यात.

पूर्वी सुमनताई रोज एकवीस फेऱ्या घालायच्या. गेल्या दिवाळीनंतरची पहिली पौर्णिमा त्याच्याविना गेली, तेव्हा त्यांनी दहा वाढवल्या. पुढच्या पौर्णिमेला आणखी दहा. दत्ताला त्या काही बोलल्या नाहीत. सांगायचं काय, त्याला दिसतच होतं. तेरा पौर्णिमा झाल्या. मुलाचं न येणं असं महिन्यामहिन्यानं त्यांच्या पायांत साठत गेलं, आणि पाय मात्र ठणठणीत झाले.

नाशिक म्हणजे काही अमेरिका नव्हे. अमेरिकेत असता तर एका परीनं बरं होतं. व्हिसा मिळेना म्हणून चार जणींत सांगता तरी आलं असतं. पाच तासांच्या वाटेवरचा मुलगा वर्षभर का येत नाही, हे कुणाला कसं समजावून सांगायचं? हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर सुमनताई "फार काम असतं" म्हणायच्या आणि समोरच्या बाईच्या हातावर जरा जास्तच अत्तर लावायच्या.

अर्जुनरावांचा हिशेब डोक्यात घेऊन त्या घरी आल्या, देवापुढे निरांजन लावलं, आणि लावता लावता त्यांना सुचलं. रविवारी तो घरी सापडत नाही, खोलीवर सापडत नाही. रविवारी तो रस्त्यावर असतो. तर मग रस्त्यावरच जावं.

*

"तू? पळणार?" रंगरावांचा घास हातातच राहिला.

"पळणार नाही, चालणार. चाललं तरी चालतं म्हणाली दिव्या." दिव्या म्हणजे रंगरावांच्याच कारखान्यातली इंजिनिअर मुलगी. चाकणच्या कंपन्यांमधल्या बारा पोरापोरींचा पळणाऱ्यांचा गट होता. ते सगळे डिसेंबरातल्या नाशिकच्या मॅरेथॉनला गाडी करून निघाले होते. तेरावी जागा रिकामी होती.

"साडी नेसून?"

"देवळात काय नेसते मी?"

"आणि हे कशासाठी म्हणे?"

"तब्येतीसाठी."

एकतीस वर्षांच्या संसारात रंगराव बायकोला इतपत ओळखत होते. त्यांनी आमटीचा भुरका घेतला. "तब्येतीसाठी भोसरी नाही का? निगडी नाही का? नाशिकच कशाला पाहिजे?"

"तिथली हवा चांगली आहे हो."

"हे बघ, मी कुणाला भेटायला म्हणून तुला पाठवत नाहीये. एवढं ध्यानात ठेव."

"मी कुठं म्हटलं भेटायला? मी पळायला चाललेय."

शनिवारी सकाळी निघताना सुमनताईंनी पिशवी उचलली तर ती उचलेना. आत पाहिलं तर तळाशी पाच किलो इंद्रायणी तांदूळ.

"अहो, हे काय?"

"तांदूळ."

"ते दिसतंय. पळायला तांदूळ कशाला?"

"वाटेत भूक लागली तर?" रंगराव चपलेचा पट्टा लावत म्हणाले. पट्टा आधीच लागलेला होता. "नवा आहे. मावळातून मागवलाय. तिथं कुणाकडे कुकर असेल."

"कुणाकडे?"

"मला काय माहीत कुणाकडे! चल लवकर, गाडी सुटेल."

निरंजनला त्यांनी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तो म्हणाला असता, नको आई, दगदग होईल. आणि मुलानं एकदा नको म्हटल्यावर आईला जायला तोंड राहत नाही. न विचारता गेलं तर निदान कुणी नको म्हटलेलं नसतं.

गाडीत पोरं भराभर बोलत होती. पळण्याचा पेस, पायांतले गोळे, ताकदीची जेल, नखं काळी पडणं. सुमनताई खिडकीशी बसून मनातल्या मनात जप करत होत्या. नारायणगाव मागे पडलं तेव्हा दिव्यानं विचारलं, "काकू, तुमचं टार्गेट काय?"

"निरंजन."

"नाही हो, म्हणजे टाइम. किती वेळ धरलाय?"

सुमनताईंनी जरा विचार केला. "तो देईल तेवढा."

दिव्यानं आपल्या डब्यातले चार खारे बदाम त्यांच्या हातावर ठेवले.

*

सुमनताईंची कल्पना अशी होती, की मॅरेथॉन म्हणजे एक प्रकारचं लग्नकार्य. मांडव असेल, लोक जमतील, आपण दाराशी उभं राहिलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसेलच. रविवारी पहाटे मैदानावर पोचल्यावर त्यांना समजलं, की इथं तीन हजार नवरदेव आहेत आणि सगळ्यांनी एकच पिवळा बनियन घातलाय.

"दिव्या, एकवीस किलोमीटरवाले कुठं उभे असतात गं?"

"ते सहालाच सुटले, काकू. आपलं दहावाल्यांचं पावणेसातला."

"सुटले म्हणजे? गेले?"

"गेले. पण ते याच रस्त्यानं दोनदा जातात. दिसतील वाटेत."

दिव्यानं त्यांच्या पदरावर नंबराचा कागद चार पिनांनी टाचला. पायांत पिंपरीच्या बाजारातून घेतलेले बूट होते. ते कोरे आणि इतके पांढरे होते, की सुमनताईंना ते चिखलात घालायची लाज वाटत होती. कपाळावर कुंकू, गळ्यात तुळशीची माळ, छातीवर सात हजार चारशे अकरा. शिट्टी झाली. गर्दी हलली. सुमनताईंनी "श्रीगुरुदेव दत्त" म्हटलं आणि उजवा पाय आधी टाकला.

पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. परतीची बाजू दुभाजकावरच्या दाट झाडीआड, आणि या बाजूला सगळे एकाच दिशेनं पळतात, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी दिसतात. तोंड कुणाचंच दिसत नाही. पुढं एक उंच पोरगा होता, मान थोडी डावीकडे कललेली, थेट निरंजनसारखी. सुमनताई पाय उचलून पुढं गेल्या, वळून पाहिलं. चष्मेवाला, मिशीवाला, कुणी तिसराच. आणखी पुढं एक होता, त्याचे कान तसे होते. त्याला गाठलं. तो पन्नाशीचा निघाला. अशी एकेक पाठ धरून, तिला ओलांडून, तोंड बघून, निराश होऊन पुढची पाठ धरायची, असं चाललं.

मागून दिव्या धापा टाकत ओरडत होती, "काकू! अहो हळू! पेस बघा तुमचा! दमाल!"

"हा एकच बघते आणि थांबते."

तो एकच झाला की त्यापुढं आणखी एक असायचा. पदर खोचलेल्या त्या बाई प्रत्येकाला मागे टाकतात आणि वर वळून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात, यामुळे दोन-तीन तरुण मनातून फार दुखावले गेले. एक जण तर "असं काय बघता मावशी, मीही दमलोय," म्हणाला. सुमनताईंनी त्याला बिचाऱ्याला हात जोडले.

पाचव्या किलोमीटरला वळसा होता. रस्त्याच्या अगदी मध्ये मारुतीचं छोटंसं देऊळ. त्याला फेरी घालून माघारी यायचं. एरवी गाड्या देवळाला उजव्या हाताला ठेवून वळत, त्यात मारुतीचाही मान राहायचा. पण यंदा रस्त्याची एक बाजू खणून ठेवलेली, त्यामुळे आयोजकांनी जायची आणि यायची बाजू बदलून टाकली होती. लाल शंकू मांडले होते, मोठा बाण रंगवला होता. सकाळपासून शेकडो माणसं मारुतीला डाव्या हाताला ठेवून धावत गेली होती आणि कुणालाही काही वाटलं नव्हतं.

सुमनताई बाणापाशी आल्या आणि खांब रोवल्यासारख्या उभ्या राहिल्या.

तिथं टोपी घातलेले, शिट्टीवाले एक गृहस्थ होते. "चला मावशी, चला! इकडून! देऊळ डावीकडे ठेवून चला!"

"अहो, देव डाव्या हाताला येतोय."

"येऊ द्या की. बाणच तसा आहे."

"उलटी प्रदक्षिणा होते."

"प्रदक्षिणा नाही हो मावशी, यू-टर्न आहे!"

"तुमच्या बाजूनं यू-टर्न असेल. त्याच्या बाजूनं काय आहे?" सुमनताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं आणि गाभाऱ्याकडे बोट केलं.

गृहस्थांनी वळून मारुतीकडे पाहिलं. मारुती शेंदरात गंभीर उभा होता. गृहस्थांचा आवाज आपोआप उतरला. "मावशी, वेळेचं मशीन त्या बाजूला आहे. इकडून गेलात तर तुमचा टाइम लागणार नाही."

"न लागू दे."

असं म्हणून त्यांनी कडेला जाऊन बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले, हात जोडले आणि देव उजव्या हाताला घेऊन चालायला लागल्या. तोंड मिटलं. फेरी सुरू झाली.

मागून येणाऱ्या दोन बायका थबकल्या. त्यांनी बूट पाहिले, जोडलेले हात पाहिले, बाण पाहिला.

"अगं बाई, खरंच की. आपण उलट्या चाललो होतो."

"मी एकवीसवाली आहे," तिसरी एकदम घाबरून म्हणाली. "मी मघाशी एकदा उलटी फिरून गेलेय! आता?"

"आता सुलटी घाला. फिटेल."

"मारुतीला अकरा घालतात," चौथीनं भर घातली.

बघता बघता शंकूंच्या शेजारी बुटांची रांग लागली. आधी चार जोड, मग पंधरा, मग चाळीस. देवळात गेल्यासारखे लोक बूट काढायला वाकायचे आणि मागून वेगानं येणारे त्यांच्यावर आदळायचे. एकवीसवाले तरबेज पळणारे बुटांच्या ढिगावरून उड्या मारत होते. गृहस्थ जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत होते. त्या शिट्टीवर एका आजींनी टाळ्यांचा ठेका धरला. दिव्या बाणापाशी उभी राहून "काकू! काकू!" करत होती. पण काकू आता हाकेच्या पलीकडे गेल्या होत्या.

देवळाच्या मागच्या अंगाला वाट अरुंद होती. एका बाजूला भिंत, दुसरीकडे खणलेला चर. तिथं बाणानं येणारे आणि देवानं जाणारे समोरासमोर आले. सकाळपासून पहिल्यांदाच सुमनताईंना पाठींऐवजी तोंडं दिसत होती. लाल, घामेजलेली, वैतागलेली. त्या एकेक तोंड बघत चालल्या होत्या आणि कोपऱ्यावर एक उंच पिवळा बनियन थेट त्यांच्या अंगावर आला.

"ओ काकू, रॉंग साइड! दिसत नाही का तुम्हा—" तो ओरडला. मग त्याचा आवाज लहान झाला. "आई?"

सुमनताई बघत राहिल्या. दाढी वाढवली होती. गालफडं बसली होती. कानशिलावर, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, एक पांढरा केस. तेरा महिन्यांत साठवलेलं सगळं एकाच वेळी ओठांशी आलं. जेवतोस का वेळेवर, खोलीत गाद्या आहेत का, ताप आला होता तेव्हा कुणी होतं का. पण फेरी अर्धी झाली होती. ज्याच्यासाठी नेम धरला तो समोर उभा, आणि बोलायचं तर नेम मोडायचा. सुमनताईंनी ओठ घट्ट मिटले. तोंडाला वाट नाही म्हटल्यावर डोळ्यांनी वाट काढली. घळाघळा पाणी वाहायला लागलं.

निरंजनचा रंग उडाला. "आई, तू इथं कशी? काय झालं? बाबा? बाबा बरे आहेत ना?"

त्यांनी मान हलवली. बरे आहेत, असं म्हणायचं होतं. पण वाहत्या डोळ्यांनी हलवलेल्या मानेचा अर्थ काय घ्यायचा? त्या हात जोडून पुढं चालू लागल्या.

"आई, बोल ना! हो म्हणजे बरे आहेत, का हो म्हणजे…" तो वळला. बाणाच्या, शंकूंच्या, शेकडो माणसांच्या विरुद्ध दिशेला, आईच्या बाजूनं. "ऍडमिट केलंय का? मला कुणी फोन का नाही केला? आई!"

"भावा, टायमिंग चाललं तुझं!" त्याच्या मागचा कुणीतरी ओरडला.

"खड्ड्यात गेलं टायमिंग!" निरंजन म्हणाला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ टींटीं करत होतं, त्यानं ते न बघताच दाबून बंद केलं.

उरलेली अर्धी फेरी त्यानं आईच्या बरोबर, तिच्या तोंडाकडे बघत, उलट्या पावलांनी चालत पार पाडली. समोर आल्यावर सुमनताईंनी मारुतीला नमस्कार केला. बोटावर शेंदूर घेतला. टाचा उंचावून तो मुलाच्या कपाळाला लावला. मग म्हणाल्या, "किती बारीक झालास रे."

"आई! बाबा!"

"बरे आहेत. तांदूळ पाठवलाय त्यांनी."

निरंजन मटकन पायरीवर बसला. "मग बोलत का नव्हतीस?"

"फेरी चालू होती ना."

तो हसायला लागला. हसता हसता त्याचं हसू मधेच कुठंतरी अडकलं. गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "ऑगस्टातही चालूच होती."

"कुठल्या ऑगस्टात?"

"आलो होतो मी. भोसरीत माल तपासायला पाठवलं होतं कंपनीनं. सकाळी सहालाच पोचलो. दोन तास हातात होते. घरी बाबा असणार, त्यांच्यासमोर एकदम कसं उभं राहायचं? म्हटलं, आधी तुला देवळात गाठू, तुझ्याबरोबर घरी जाऊ. कमानीशी उभा राहिलो. एकवीस फेऱ्या, वीस मिनिटांत होतील."

"मग?"

"संपेचनात! मी पंचाहत्तरपर्यंत मोजल्या. ड्रायव्हरचे फोनवर फोन. शेवटी गेलो."

सुमनताईंचा हात छातीवरच्या नंबरावर गेला. "अरे, हाक मारायची!"

"हाक मारली असती तर परत एकपासून घातल्या असत्यास. शाळेत असताना मारली होती एकदा. दप्तर मांडीवर घेऊन तासभर बसवलं होतंस मला." तो थांबला. "एवढ्या कशाला वाढवल्यास गं?"

सुमनताईंना खोटं बोलता येत नसे. "तू येईनास म्हणून."

मग दोघांनी एकदमच मारुतीकडे पाहिलं. तो काही बोलण्याच्या स्थितीत दिसत नव्हता.

तेवढ्यात शिट्टीवाले गृहस्थ आले. टोपी हातात, घामानं निथळलेले. "मावशी, कृपा करा. या बुटांतले तुमचे कुठले तेवढे सांगा. बाकीच्या बायका म्हणतात, तुम्ही गेल्याशिवाय आम्ही फेऱ्या थांबवत नाही."

*

उरलेले पाच किलोमीटर त्यांनी चालत काढले. निरंजनचं नाव यादीतून कटलं होतं. आलेल्या वाटेनंच माघारी गेलेला माणूस मशिनीला पचला नाही. पाण्याचे मांडव आवरत होते, माणसं झाडू मारत होती. दर मांडवाशी कुणीतरी रिकामे ग्लास गोळा करता करता टाळ्या वाजवायचं आणि सुमनताई प्रत्येकाला नमस्कार करायच्या. खोलीत गादी होती. ताप आला होता तेव्हा कुणी नव्हतं. जेवण मेसचं, भात गिचका. मध्येच त्यांनी विचारलं, "पळतोस का रे एवढा?"

"रविवारी खोलीत बसवत नाही," तो म्हणाला. त्याहून जास्त त्यानं सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. फक्त चालता चालता त्याचं मनगट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेवटची कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. ही जोडी येताना दिसली तशी ती तशीच शिडीवर थांबली. दिव्या पलीकडे उभी राहून रडत होती आणि व्हिडिओ काढत होती. गळ्यात पदक पडतं न पडतं तोच सुमनताईंच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला.

"झालं का पळून?" रंगरावांचा आवाज.

"झालं."

"कितवी आलीस?"

"शेवटून पहिली."

"असू दे. पाय दुखतायत का?" मग जरा थांबून, "बाकी?"

"बाकी देते," असं म्हणून सुमनताईंनी फोन निरंजनच्या हातात दिला आणि दोन पावलं बाजूला झाल्या. तिथून दोघांचंही ऐकू येत होतं.

"हॅलो. बाबा."

घरातला पंखा ऐकू यायला लागला.

"तांदूळ मिळाला का?" शेवटी रंगराव म्हणाले.

"आईच्या लॉजवर आहे. घेतो."

"नवा आहे. पाणी बेतानं घाल."

"हो."

पुन्हा पंखा.

"शनिवारी वगैरे निघत जाऊ नको कधी," रंगराव अचानक ठासून म्हणाले. "चाकणला बाजार असतो. कांद्याचे ट्रक, त्यात पहिली पाळी सुटते. दोन-दोन तास चाक हलत नाही."

"बरं."

"इतर वारी तर बघायलाच नको. कंपन्यांच्या बसा. मी रोज बघतो ना."

"हो, बाबा."

"रविवारी मोकळं असतं. अगदी मोकळं."

निरंजननं आईकडे पाहिलं. सुमनताई गळ्यातलं पदक उलटं करून त्यावर काय लिहिलंय ते वाचत होत्या. निदान तसं दाखवत तरी होत्या.

"बाबा," तो म्हणाला, "आज रविवारच आहे."

पलीकडे भांड्यांच्या रॅकमधून कुकर काढल्याचा आवाज आला, झाकणासकट.

"मग तिथं काय करताय दोघं अजून?" रंगराव म्हणाले. "निघा की!"